छत्रीआजोबांची तीन मिनिटं

माझ्या वडिलांना छत्रीचं काम मिळालं ते त्यांच्या गप्प राहण्यामुळे. मी तेव्हा भोसरी एमआयडीसीत, एका प्रेस शॉपच्या वरच्या खोलीत जपानी कार्टून मालिकांचे संवाद मराठीत लिहून त्यांचं डबिंग करत होते. भिंतींना जुन्या गाद्या आणि अंड्यांचे ट्रे ठोकून केलेला स्टुडिओ. खाली दोन प्रेस दिवसभर पत्रा ठोकायचे आणि दर ठोक्याला माझा माइक हलायचा. म्हणून रेकॉर्डिंग फक्त गुरुवारी. गुरुवारी इथल्या कारखान्यांना सुट्टी असते.

मालिका छत्र्यांची होती. लोकांनी टाकून दिलेल्या छत्र्या डोंगरात जाऊन राज्य थाटतात आणि रेनकोटांशी लढाया करतात, असं बावन्न भागांचं प्रकरण. त्यात एक कागदी छत्रीआजोबा. एक्कावन्न भाग ते कोपऱ्यात उभे राहून नुसतं ‘हं’ म्हणतात आणि शेवटच्या भागात सलग तीन मिनिटं बोलतात. एका ‘हं’साठी दर गुरुवारी भोसरीला कोण नट येणार? अण्णा, म्हणजे माझे वडील, घरीच होते. चाकणच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं डाय सेटर, म्हणजे प्रेसमध्ये साचा बसवणारे. नुकतेच निवृत्त झाले होते. आणि ‘हं’ म्हणण्यात त्यांचा हात धरणारा उभ्या जिल्ह्यात कुणी नव्हता. पहिल्याच दिवशी त्यांनी सात तऱ्हेचे ‘हं’ दिले. मी घरी आईला ऐकवले, तर ती म्हणाली, “हे सातही मला पाठ हायत. ह्याच्यावरच तर संसार केलाय.”

अण्णांचा जीव मात्र त्या तीन मिनिटांत अडकला होता. भाषणाचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवलेला. सांगवीला आमच्या घराजवळ नदीकाठी फिरताना ते पाठ करायचे. एकदा मला विचारलं, “मी बोलत असताना मधी कुणी बोलणार न्हाई न?” मी म्हटलं, “नाही अण्णा, कुणीच नाही.” त्यावर ते जे हसले, ते बघून मला वाईटच वाटलं. आईने भाषण ऐकायला मागितलं की म्हणायचे, “टीव्हीवर ऐक. पुरं होऊ दे.”

आता कंपन्यांचं सांगते, कारण खरा तमाशा तिथे आहे. जपानी मालिका जपानबाहेर दाखवायचे हक्क परदेशी कंपन्या विकत घेतात आणि मग आमच्यासारख्यांकडून भाषा करून घेतात. आम्हाला काम देणारी कंपनी तशी लहान. तिच्या मॅनेजरबाईंचं पहिल्याच आठवड्यात पत्र आलं होतं : आपली प्रतिस्पर्धी कंपनी नीच आहे, तिच्यासाठी काम केल्याचं कळलं तर करार रद्द. विसाव्या भागाला त्या नीच कंपनीने आमच्या कंपनीला विकत घेतलं. पत्र आलं : तुमच्यासाठी काहीही बदलणार नाही. खाली सही त्याच बाईंची, आता नीच कंपनीच्या वतीने.

अण्णांना मी ही बातमी दिली. त्यांच्या कारखान्याच्या गेटवरचा बोर्ड त्यांच्या नोकरीत तीनदा बदलला होता. ते म्हणाले, “काही बदलणार न्हाई म्हणले की समजायचं. आधी कॅन्टीनचा चहा पातळ होतो.” आम्हाला कॅन्टीन नव्हतं. त्याऐवजी नवा फॉर्म आला. त्यात छत्रीआजोबांचं वय, लिंग आणि ते सजीव आहेत का, हे भरायचं होतं.

चाळिसाव्या भागाला एका अगडबंब कंपनीने त्या दुसऱ्या कंपनीलाही गिळलं. पत्र आलं, काहीही बदलणार नाही, सही बाईंचीच. मग पन्नासाव्या भागाला उलगडा झाला. ही तिसरी कंपनी आधी पहिलीला पाण्यात पाहायची आणि तिला शह द्यायचा म्हणून तिने गुपचूप ह्याच मालिकेचं दुसरं मराठी डबिंग मुंबईत करून घेतलं होतं. म्हणजे आता तिच्या पदरात एकाच मालिकेची दोन मराठी आली होती, दोन्ही एकमेकांना हरवण्यासाठी केलेली. स्वतःशीच कशी स्पर्धा करायची, ते मात्र कुणाला ठरवता येईना.

एक्कावन्न भाग झाले. बावन्नावा येत्या गुरुवारी होता. सोमवारी बाईंचं पत्र आलं : बुधवारी संध्याकाळपर्यंत जे डबिंग पूर्ण असेल त्याचाच विचार होईल. मी कळवलं, एक दिवस द्या, आमच्याकडे दिवसा गुरुवारशिवाय शांतता नसते. उत्तर आलं, शांततेचा वार आमच्या प्रणालीत नोंदवलेला नाही. मी चिडून लॅपटॉप आपटला आणि मग तो चालतो की नाही हे घाबरून पाहत बसले.

बाकीचे नट एरवी रात्री भोसरीला यायला तयार नसत, पण या वेळी हातापाया पडून त्यांचे संवाद आम्ही मंगळवारी रात्री, प्रेस थांबल्यावर, उरकले. छत्रीआजोबांचं भाषण बुधवारवर राहिलं, कारण मंगळवारी अण्णांचा घसा बसला होता. बुधवारी दुपारी मी खाली गेले. प्रेस शॉपचे मालक मूळचे भोसरीचे, गावातल्या जुन्या घरातले. मी हात जोडले. ते म्हणाले, “ताई, तुमचं समदं पटतंय. पर चार वाजता चाकणची गाडी लागती. माल न्हाई ग्येला तर तिकडं लाइन हुबी राहील. आमी काय छत्रीचं नाव सांगायचं व्हय?”

मी परत फिरणार, तेवढ्यात माझ्यामागून अण्णा बोलले. “शेठ, आता दोन्ही प्रेसच्या डाय बदलायच्या हायत न तुमाला? तुमचा गडी एकटा हाय. त्याला एकेका प्रेसला पाऊण तास लागतो. पोरीचा डबा द्यायला येतो, तवा मी वरून ऐकतो. एकीकडं तो लागू द्या, दुसरीकडं मी लागतो. माझी झाली की त्याला हात देतो, अर्ध्या तासात दोन्ही बसवून देतो. जो वेळ वाचंल, त्यातली दहा मिनिटं मला द्या.”

इतकं सलग मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. शेठनी घड्याळाकडे पाहिलं, अण्णांच्या हातांकडे पाहिलं आणि मान हलवली.

सत्तावीस मिनिटं लागली. अण्णा ग्रीसने काळे झालेले हात पँटला पुसत वर आले आणि मागोमाग खालचे सगळे कामगारही, चपला दाराबाहेर काढून, देवळात यावं तसे. खोलीत उभं राहायला जागा नव्हती. अण्णांनी कागद काढलाच नाही. छत्रीला तोंड नसतं, त्यामुळे ओठ जुळवायची भानगड नव्हती. फक्त वेळ जुळवायची होती. ते म्हणाले, “पाऊस थांबला की माणसं छत्री विसरतात. त्यात त्यांचा दोष नाही. ऊन पडलं की कुणाला आठवण राहते? पण मी मिटलेलो असतानाही भिजत होतो…” पुढचं मी लिहिलेलंच होतं, तरी माझे डोळे भरले. संपल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. शेठ हळूच म्हणाले, “काका, हे छत्रीचं हाय व्हय?” आणि सगळे खाली पळाले.

साडेपाचला मी फाइल पाठवली. तीन आठवड्यांनी निर्णय आला. दोन्ही डबिंग उत्तम असल्यामुळे दोन्हींतलं उत्तम निवडण्यात आलं आहे. छत्रीआजोबांचे एक्कावन्न भागांतले ‘हं’ आमचे, कारण ते अस्सल आहेत. शेवटचं भाषण मुंबईच्या कलाकाराचं, कारण त्याचा आवाज भरदार आहे. खाली बाईंकडून अभिनंदन. मी उलट लिहिलं, भांडले, करार दाखवला. उत्तर म्हणून समाधानाचे पाच तारे भरायचा फॉर्म आला. अण्णांना सांगायची मला हिंमत होईना. शेवटी भाग दाखवायच्या दिवशी सकाळी सांगितलं. त्यांनी बूट पुसता पुसता ऐकून घेतलं.

संध्याकाळी आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो. छत्रीआजोबा कड्यावर आले आणि परक्या माणसाच्या आवाजात बोलू लागले. आवाज खरंच भरदार होता, राग त्याचाच जास्त आला. दोन वाक्यं झाली असतील. आईने रिमोट उचलला, टीव्हीचा आवाज बंद केला आणि अण्णांकडे वळून बसली.

“अहो, तुम्ही बोला की,” ती म्हणाली.

अण्णांनी घसा खाकरला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. बघत होते ते तिच्याकडेच. पडद्यावर छत्री वाऱ्यात उडून गेली, नावं सरकून संपली, साबणाची जाहिरात लागली, तरी ते थांबले नाहीत. माझं लिहिलेलं कधीच संपलं होतं. आता ते लग्नाआधीच्या भोसरीतल्या खोलीबद्दल बोलत होते : पहिल्या महिन्यात प्रेसची इतकी भीती वाटायची की रोज सुटल्यावर बोटं मोजून बघायचे, आणि गावी पत्रात मात्र लिहायचे, काम लई चांगलं हाय. मग तिला इथं आणलं तेव्हाही हेच सांगितलं.

“मला तवाच कळलं होतं,” आई म्हणाली. “पर तुम्ही सांगा.”