वाकळीचा लाल दोरा

महाबळेश्वरचं थंडीतलं पाणी हाडापर्यंत जातं. मेढ्याच्या जरिनानं त्या पाण्यात आपले हात कैक हिवाळे बुडवले. हॉटेलच्या मागच्या अंगणात एक दगड होता, त्यावर बसून ती भांड्यांचे ढीग उपसायची. बोटांच्या भेगांत पावडर शिरायची. निजताना ती कोकमाचं तेल चोळायची, अन् सकाळी भेगा पुन्हा तोंड उघडायच्या.

मग मालकांनी, वीरधवलरावांनी, भांडी धुण्याची मशीन आणली. स्वयंपाकीण अंबूबाई हसून म्हणाली, "जरिने, बांध बोचकं. तुझी सवत आली गं!"

पण जरिनानं बोचकं बांधलं नाही. मशीन बसवणाऱ्या माणसाच्या मागं ती सावलीसारखी उभी राहिली. पाणी मऊ करायचं मीठ कुठं घालायचं, जाळी कधी काढायची, सगळं विचारून घेतलं. आठवडाभरात सवतीची सखी झाली. 'जरिनाची मशीन' असंच मालकसुद्धा म्हणू लागले. हातांच्या भेगा बुजल्या. गरम वाफेत न्हालेल्या ताटल्या ती लख्ख रचून ठेवायची, तेव्हा तिची मान जरा ताठ असायची. ती मोठी शोभून दिसायची.

स्ट्रॉबेरीच्या हंगामात सिंकखालचा गंजका पाइप फुटला. मालक म्हणाले, "साताऱ्याहून कुणाला तरी बोलावतो."

"आवं, परका कशाला? माझा निजाम हाय की," जरिना म्हणाली.

निजाम तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो रांगत होता. जरिनानंच त्याला कडेवर वागवला, आपल्या ताटातला घास भरवला. आता तो मेढ्यात प्लंबर म्हणून नावाजलेला. कामाची त्याची एकच रीत होती, वडिलांकडून आलेली. पाइपाच्या चुडीवर, म्हणजे आट्यांवर, टेप गुंडाळायचा नाही. सफेदा, तो पांढरा लेप, फासायचा आणि वर दोरा आवळायचा. "टेप आज ना उद्या गळतो आपा. सफेदा-दोरा पिढी काढतो," असं तो छाती पुढं काढून सांगायचा.

त्या दिवशी त्याचा दोरा संपला. जरिना तेव्हा वाकळ शिवत होती. निजामची लेक मिस्बाह बाळंतपणाला माहेरी आली होती, तिच्या बाळासाठी. तिनं वाकळीच्या लाल दोऱ्याचं रीळच त्याच्या हातात दिलं.

पाइप बसला. गळती थांबली. मशीन मात्र भरेना. बटण दाबलं की घरघर करायची, वाट बघायची, आणि नळाचं चित्र लुकलुकवत गप्प व्हायची.

दुसऱ्या दिवशी निजामला बोलावलं. तो मशीनमागं बराच वेळ ओणवा होता. मालक आत आले तसा तो झटकन उठला, हात पुसले आणि म्हणाला, "मालक, माझ्या पाइपाचा दोष न्हाई. मशीन आतनं गेलीय."

"कशानं रे?"

"आपानं चालू मशीन मधीच उघडली असंल. तिला अक्षर कुठं कळतंय?"

जरिना दारात उभी होती. मालकांनी तिच्याकडं बघितलं, आणि त्या बघण्यात काल होतं ते आज नव्हतं.

"दुरुस्तीवाला येईपर्यंत बाहेरच घासा भांडी," ते म्हणाले. "पुढं मशीन कळणारा माणूस बघतो."

निजामनं मान खाली घातली आणि मालकांनी त्याला दिलेलं गच्चीवरच्या टाकीचं काम बघायला गेला.

जरिना पुन्हा त्या दगडावर बसली. भेगा उघडल्या. पण डोकं थांबेना. आपण मशीन मधेच उघडली नव्हती, हे तिला ठाऊक होतं. मग पाणी अडतंय कुठं?

त्यानंतर दोन दिवसांनी, दुपारी स्वयंपाकघर निवलं, तशी ती उठली. मशीनचं बटण बंद केलं. सिंकखालचा नळ बघितला, तो पुरा उघडा होता. मशीनची नळी चाचपली, कुठं मुडपलेली नव्हती. नळ बंद करून तिनं नळीचं मशीनकडचं टोक सोडवलं, बादलीत धरलं आणि नळ उघडला. पाणी धो धो आलं. म्हणजे नळीपर्यंत ठीक. आता राहिलं मशीनचं तोंड. तिथं बोटाच्या पेराएवढी जाळी असते. तिनं ती पकडीनं हळूच ओढली.

जाळी सफेद्याच्या गोळ्यांनी लिंपली होती. त्यात दोऱ्याचे तुकडे अडकले होते. लाल दोऱ्याचे. नवा पाइप जोडताना निजामनं आधी पाणी सोडून तो धुतलाच नव्हता.

चूक होते, असं ती मनाशी म्हणालीसुद्धा. एवढ्यात अंबूबाई वाकून बघत म्हणाली, "अगं बया, ही तर निजामनं परवाच भाईर काढली हुती! बोटावर घिऊन बघत हुता. मालक आलं तशी घातली परत. मला वाटलं, साफ केली."

जरिनानं जाळीतला लाल दोरा सोडवून बाजूला ठेवला. त्यानं दोरा बघितला होता. कुणाचा, ते ओळखलं होतं.

तिनं जाळी धुतली, बसवली, नळी आवळली, नळ उघडला. बटण दाबलं. मशीनच्या पोटात पाणी खळखळलं.

आवाज ऐकून मालक आले. "काय झालं होतं?"

तिनं तळहात पुढं केला. त्यावर लाल दोरा होता. "निजामच्या कामातला हाय. त्याला ठावं हुतं."

टाकीवरून उतरलेला निजाम दारात आला होता. मालक निघून गेले, तसा तो दात आवळून म्हणाला, "सख्ख्या भावाचं नाव घेतलंस आपा? टाकीचं काम जाईल माझं."

"तू माझं घेतलंस तवा?"

"माझी पोरंबाळं हाईत गं."

"अन् तू माझं कोण हुतास रं?"

मशीन आजही जरिनाकडंच आहे. वाकळ तिनं पुरी केली, त्याच लाल दोऱ्यानं. बाळानं काय केलं होतं? पण द्यायला ती गेली नाही, अंबूबाईबरोबर पाठवली.

पूर्वी बटण दाबलं की ती दुसऱ्या कामाला लागायची. आता पाणी भरल्याचा आवाज येईपर्यंत मशीनपाशी उभी राहते.