मूठभर हरभरे

पिरनवाडीच्या बाहेर माळावर आमचा शर्यतीच्या घोड्यांचा तबेला आहे. शर्यत आठवड्यावर आली की मी कुणावरच विश्वास ठेवत नाही. नाल ठोकणारा आला तरी त्याच्या पिशवीत डोकावतो.

त्या खेपेला आमच्या घोडीनं सलग दोन दिवस भिजवलेले हरभरे तसेच टाकले, आणि माझं डोकं फिरलं. कुणीतरी त्यात काहीतरी मिसळतंय! संशय थेट घोडी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या अण्णांवर गेला. मला घोड्यावर बसायला त्यांनीच शिकवलं होतं. पण हरभऱ्याची चंदी चारणारा हातही त्यांचाच होता ना? मी त्यांना माझ्यासमोर बादलीतले मूठभर हरभरे खायला लावले. त्यांनी मुकाट्यानं चावून गिळले. तरी माझं समाधान होईना. चंदीच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली करदोड्याला बांधली.

त्या संध्याकाळी मीच हरभरे भिजवले, सकाळी मीच बादली घोडीपुढं ठेवली. तिनं पुन्हा तोंड फिरवलं.

अण्णांनी बादलीतून मूठ भरली आणि माझ्या तोंडासमोर धरली.

"किल्ली आता तुमच्याकडं हाय, मालक. खावा."