तांबं निघत नाही, असं मी बोललो

मी भिलाईला स्टील प्लांटच्या भट्टीवर भंगार बघत होतो. भंगारात तांब्याची तार दिसली की काढायची. गंधक काढता येतं, पण तांबं एकदा पोलादात मिसळलं की निघत नाही. मग रोलिंगला, लाटताना, माल चिरतो. मला एवढंच येत होतं, आणि घरातही मी तेच वापरलं.

मुलगा झाल्यावर बायकोने कॉपर-टी बसवली. पाच वर्षांनी दुसरं मूल हवं म्हणून काढली. वर्ष गेलं, काही नाही. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "कावून होऊन नाही राहिलं?"

मी म्हणालो, "तांबं मिसळलं. आता निघत नाही."

"म्हंजे बाई बिघडली." बायको तिथंच उभी होती. त्या दिवसापासून तिनं तांब्याच्या गुंडातलं पाणी पिणं सोडलं. आई माझ्यासाठी दुसरी पोरगी बघू लागली. मी नाही म्हणालो नाही.

बायकोच मला दुर्गला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मी भंगाराची गोष्ट सांगितली.

"तुमची बायको पोलाद आहे का हो? गर्भपिशवीचं अस्तर दर महिन्याला गळतं, नवं येतं. आता तुमची तपासणी करू."

"माही कावून?"

"भट्टीपाशी कोण उभं राहतं? उष्णतेनं पुरुषाचं बीज कमी होतं."

कमी माझ्यात निघाली. औषध घेतलं, पुढच्या वर्षी मुलगी झाली. बायको म्हणाली, "आता आईसमोर सांगा, मी बिघडली नोती."

"पोरगी झाली ना. आता काय सांगाचं?"

तिनं तो विषय पुन्हा काढला नाही.

ती पोरगी आता कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. बायकोच्या तेरवीनंतर ती माझ्याकडे थांबली होती, तेव्हा मी तिला तांब्याचं विचारलं. म्हणाली, "कॉपर-टीच्या तांब्याचा मुख्य मार पुरुषाच्या बीजावर असतो, बाबा. पण अस्तरही बदलतं. जीन म्हणजे पेशीनं काय बनवायचं त्याची लिहिलेली ऑर्डर. तांबं ऑर्डर खोडत नाही. फक्त काही ऑर्डरी जोरात चालतात, काही मंद होतात. तांबं काढलं की अस्तर पूर्वीसारखं."

"म्हंजे तुही आई बिघडली नोती."

"असं कोण म्हणालं होतं?"

"मी."

"आजीला मग खरं सांगितलं?"

"नाही."

माझी आई कधीच गेली, आता बायकोपण गेली. सांगायला पोरगीच उरली होती, म्हणून तिला सगळं सांगितलं. ती उठली आणि तिनं तांब्याचा गुंड घासायला घेतला.