सात पंचवीसची गोळी

आमची सून गोळी विसरली नव्हती. घरात आणि पाहुण्यांत इतकी वर्षं जे बोललं गेलं ते चूक आहे. ते चूक आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. गाडी किती वाजता लागली, किती वाजता सुटली हे लिहिण्यात नोकरी गेली. निवृत्तीनंतरही ती सवय सुटली नाही. घरात कोण कधी उठतं, दूधवाला किती मिनिटं उशिरा येतो, हे मी न ठरवता टिपत असतो. त्यामुळं सुनेच्या मोबाईलचा गजर रोज सकाळी सात पंचवीसला वाजतो, ती हातातलं काम टाकून आत जाते आणि माठातून पाणी घेते, हे मला माहीत असायचं. नातू तेव्हा दहा महिन्यांचा होता आणि अंगावर पीत होता. मला वाटायचं, कॅल्शियमची गोळी असेल.

ती कॅल्शियमची नाही हे कळलं तेही माझ्याच हातून. मुलगा वाळूजला कंपनीत आहे. त्याची दुसरी पाळी चालू होती आणि सुनेचं पाकीट संपत आलं होतं. तिनं मला आधीचं रिकामं पाकीट कागदात गुंडाळून दिलं आणि म्हणाली, "मामा, हेच आणा. दुसऱ्या कंपनीचं देतो म्हणाला तर घेऊ नका." आमच्याकडं सून सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणते. मी छावणीच्या बाजारात गेलो. आमच्या नेहमीच्या औषधांच्या दुकानात कामाचा पोऱ्या बसला होता, त्यानं चिठ्ठी न मागता पाकीट दिलं. वाटेत मी पाठीमागचं वाचलं. वाचायला नको होतं, पण वाचलं. मूल होऊ नये म्हणून रोज घ्यायची गोळी होती.

मला राग आला नाही. उलट बरं वाटलं. सून त्या वर्षी पोलीस भरतीची तयारी करत होती. तिच्या वयाला ती शेवटची भरती होती, पुढच्या वेळी अर्जच भरता आला नसता. पहाटे ती छावणीकडच्या मैदानावर आठशे मीटर पळायची, गोळा फेकायची आणि बाळाला पाजायच्या वेळेला घरी यायची. मी कधी कधी घड्याळ घेऊन मैदानाच्या कडेला उभा राहायचो. एकदा तिनं चार सेकंद वाचवले तेव्हा मी तिला सांगितलं, "आज तू गाडी वेळेआधी आणलीस." ती धापा टाकत हसली. "मग चालकाला चहा पाजा, मामा."

त्या गोळीबद्दल मला आज जे माहीत आहे ते तेव्हा माहीत नव्हतं. डॉक्टरीणबाईंकडून पुढं समजलं. नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्यांत दोन संप्रेरकं असतात, हिच्यात एकच असतं, प्रोजेस्टिन. अंगावर पाजणाऱ्या बाईला ही चालते, दूध कमी होत नाही. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस गोळ्या सारख्या. मध्ये सात दिवस सोडायचे नसतात. एक पाकीट संपलं की दुसऱ्या दिवशी दुसरं. वेळ मात्र पाळावी लागते. या जातीच्या काही गोळ्यांना तीन तासांपेक्षा जास्त उशीर चालत नाही. सुनेच्या गोळीला बारा तासांची मुभा होती, पण तिनं कधी बारा मिनिटंही घेतली नाहीत. या गोळीचा एक त्रास असतो. पाळीचा हिशेब राहत नाही. कधी दोन महिने काही नाही, कधी महिन्यातून दोनदा थोडं थोडं जातं. हे धोक्याचं नसतं, पण आधी सांगितलेलं नसेल तर बाई घाबरते. सुनेला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. तिच्या सासूला कोणी सांगितलं नव्हतं.

आमच्या घरात पाळीचं पाळतात. त्या वर्षी महालक्ष्म्या आठवड्यावर आल्या आणि सून पुन्हा दोन दिवस बाजूला बसली. आमच्या मंडळींचा, म्हणजे तिच्या सासूचा, पारा चढला.

"हिचं काय चाललंय कळंना. पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा. महालक्ष्म्या बसल्यावर आली म्हंजे? सोळा भाज्या मी एकटी चिरू?"

"चिर की. दरवर्षी म्हणतेस सुनेला चिरता येत नाहीत."

"चेष्टा नका करू. दुकानातून ती गोळी आणा, पाळी पुढं ढकलायची. सगळ्या बाया घेतात."

हे खरं होतं. सणवार, लग्न, तीर्थयात्रा आली की बाया ती गोळी घेतात आणि बहुतेक वेळा घरातला पुरुषच ती आणतो. चिठ्ठी कोणी मागत नाही. मी त्याच दुकानात गेलो. या वेळी स्वतः दुकानदार होता. मी आवाज खाली करून काय पाहिजे ते सांगितलं. त्यानं गोळ्यांचा पत्ता काढला आणि हातातच धरून ठेवला.

"चाचा, किसके लिए? चाची के लिए तो नहीं होंगी," तो हसला.

"सुनेसाठी."

"उनकी दूसरी कोई गोली चालू है क्या? बच्चा नहीं होने की, वैसी?"

माझ्या मागं दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यातले एक आमच्या गल्लीतले, पेन्शनच्या रांगेत भेटणारे. मी म्हणालो, "नाही."

इतकंच. मला उत्तर माहीत होतं आणि मी दुसरं दिलं. सुनेच्या असल्या गोष्टी सासऱ्याला माहीत आहेत हे त्या गृहस्थांसमोर उघडं होऊ नये, एवढ्यासाठी.

दुकानदारानं दिवसातून तीनदा घ्यायची म्हणून सांगितलं आणि पत्ता दिला. घरी आल्यावर सुनेनं तो उलटसुलट पाहिला.

"मामा, ती रोजची चालू ठेवायची का हिच्याबरोबर? विचारलं का तुम्ही?"

रोजच्या गोळीचं पाकीट मीच आणलं होतं, तेव्हा हे विचारायला मला संकोच वाटला नसेल असं तिला वाटत होतं. विचारलं नाही असं म्हणालो असतो तर ती स्वतः गेली असती किंवा डॉक्टरीणबाईंना फोन केला असता. मी म्हणालो, "विचारलं. दोन्ही एकाच जातीच्या आहेत म्हणाला. एका वेळी एकच घ्यायची. ही संपून पाळी येऊन गेली की मग रोजची सुरू कर."

हे वाक्य दुकानदाराचं नव्हतं. मी ते तिथल्या तिथं तयार केलं. त्यात मला तर्कही दिसत होता. नव्या पत्त्याच्या पाठीवरचं लांबलचक नाव मी वाचलं होतं, ते थोडं रोजच्या गोळीच्या नावासारखं वाटलं होतं. पण एका डेपोच्या दोन गाड्यांचा रंग सारखा असतो म्हणून दौलताबादची पाटी असलेली गाडी लासूर स्टेशनला जात नाही. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

महालक्ष्म्या छान झाल्या. सुनेनं पुरण वाटलं, फुलोरा केला, सगळ्यांनी वाखाणली. सात पंचवीसचा गजर ते दोन आठवडे वाजला नाही. मी ते टिपलं आणि गप्प राहिलो. सण झाल्यावर तिनं ती गोळी थांबवली, दोन-तीन दिवसांनी पाळी आली, ती गेली, मग रोजची गोळी पुन्हा सुरू झाली. मधले दिवस उघडे राहिले. रोजची गोळी पुन्हा सुरू केल्यावरही पहिले काही दिवस दुसरी काळजी घ्यावी लागते, हेही कोणी सांगितलं नव्हतं. सांगणाऱ्याला मी 'नाही' म्हणून गप्प केलं होतं.

दिवस राहिल्याचं उशिरा कळलं, कारण पाळीचा हिशेब तसाही नव्हता. पळताना तिला मळमळू लागलं तेव्हा ती डॉक्टरीणबाईंकडं गेली. मी बाहेर बाकावर होतो, दार अर्धं उघडं होतं.

"बंद केली? कोणी सांगितलं बंद करायला?"

"मेडिकलवाल्यानं."

"अगं, तुझी जी रोजची गोळी आहे ती मूल न होण्यासाठी. ही पाळी लांबवायची. दोन्हींचं कूळ एक, काम एक नाही. हिच्यावर भरवसा ठेवायचा नसतो. आणि तुला पाळी लांबवायची गोळी द्यायचं कारणच नव्हतं. मला एक फोन करायचास."

बाईंनी पुढच्या दोन्ही वाटा सांगितल्या. घरी आमच्या मंडळींनी त्यातली एकच ऐकली. सुनेला नीट विचारलं गेलं असं मी म्हणू शकत नाही. मैदानी चाचणी आली तेव्हा तिला पाचवा चालू होता. प्रवेशपत्र तिनं कपाटात साडीच्या घडीत ठेवलं.

मुलगा दुकानात भांडायला गेला. दुकानदार म्हणाला, मी असं बोललोच नाही, मी उलट विचारलं होतं, तुमचे वडील नाही म्हणाले. मुलानं काउंटरवर हात आपटला आणि काच तडकली. घरी येऊन त्यानं मला विचारलं, "आण्णा, त्यानं खरंच विचारलं होतं का?"

"नाही," मी म्हणालो. दुसऱ्यांदा.

मुलानं माझ्यावर विश्वास ठेवला. त्या दुकानातून घरात काही आणायचं बंद झालं. पण दुकानदारानं गोळी बंद करायला सांगितली हे आमच्या मंडळींना पटलं नाही. त्यांच्या मते सून गोळी विसरली आणि आता दुसऱ्यावर ढकलते. "आलारम लावून पण विसरली," हे वाक्य आधी घरात, मग लासूरच्या पाहुण्यांत, मग हसण्यावारी हळदीकुंकवात. सुनेनं सुरुवातीला दोन-तीनदा सांगितलं, "मी विसरले नाही, आत्या." पुढं सांगणं सोडलं. ती आता एका दवाखान्याच्या दारावर सुरक्षारक्षक आहे. गणवेश घालते. पुढचं मूल नको म्हणून तीच रोजची गोळी घेते आणि गजर अजून सात पंचवीसला वाजतो.

नात झाली. आता ती शाळेत जाते आणि घरात माझ्याशी सगळ्यात जास्त बोलते. या वर्षी महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी ती पाण्याची बाटली शाळेत ठेवून आली. आजी म्हणाली, "विसरायचीच. विसरण्यातूनच तर झाली ही." बायका हसल्या. नात माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली,

"आबा, आई मला विसरली होती का?"

मी तिला नाही म्हणालो. हे एक 'नाही' खरं होतं, पण ते खरं आहे हे तिला दाखवायला माझ्याजवळ लेखी काही नव्हतं.

संध्याकाळी सून ड्युटीवरून आली, बूट काढत होती. मी तिला पायरीवरच सगळं सांगितलं. दुकानदारानं विचारलं होतं, मागं ओळखीचं गिऱ्हाईक उभं होतं म्हणून मी नाही म्हणालो. थांबवायला त्यानं सांगितलं नव्हतं, मी सांगितलं. ती एक बूट हातात धरून ऐकत राहिली.

"मागं कोण उभं होतं म्हणालात?"

मी त्या गृहस्थांचं नाव सांगितलं.

"ते तर वारले."

"हो."

"त्यांच्यासाठी, मामा?"

तिनं दुसरा बूट काढला.

"मला सांगून काय उपयोग? मी विसरले नाही हे मला माहीतच होतं. आत्यांना सांगा. ह्यांना सांगा. त्या दुकानात जाऊन सांगा. आणि लिहून ठेवा. पोरगी मोठी झाली की तिला वाचायला द्यायचंय मला. तोंडी नको, तोंडी बोललेलं इथं बदलतं."

मी त्याच क्रमानं केलं. आमच्या मंडळी ताट घासत होत्या, घासतच राहिल्या. "म्हंजे आता माझ्यावर घाला. गोळी आणा म्हणाले म्हणून मीच वाईट." मी म्हणालो, गोळी तू आणायला लावलीस, खोटं मी बोललो, दोन्ही वेगळं आहे. त्या दिवशी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मुलगा म्हणाला, "आण्णा, मी त्या माणसाची काच फोडली." एवढंच म्हणाला.

दुकानात काच नवी होती. दुकानदाराचे केस पिकलेत. त्यानं ऐकून घेतलं, मध्ये एका गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध दिलं.

"काँच का छोड़ो चाचा. पर उस दिन से मैंने एक काम किया. लेडीज की गोली लेने मर्द आया, तो मैं बोलता, फोन लगाओ, उनसे बात कराओ. कित्ते लोगां नाराज होके चले गए."

मग त्यानं विचारलं, सून आता कुठून घेते. मी म्हणालो, बेगमपुऱ्यातून. "ठीक है," तो म्हणाला. परत इथून घेत जा असं काही म्हणाला नाही.

हे लिहून झाल्यावर मी सुनेला वाचायला दिलं. ती रविवारी दुपारी ओट्याशी उभी राहून वाचत होती, एका बाजूला भात शिजत होता. शेवटचं पान संपल्यावर ती पहिल्या पानाकडं परत गेली आणि पेन मागितलं.

"साडेसात नाही, मामा. सात पंचवीस. पाणी घेऊन पाकीट काढेपर्यंत साडेसात व्हायचे, म्हणून गजर पाच मिनिटं आधीचा होता."

मी तपासलं नाही. वरती जिथं जिथं साडेसात होतं तिथं सात पंचवीस केलं आहे.