चार बोटं बाहेरचा सायलेन्सर

वहिनीच्या पोटरीवरचा डाग माझ्यामुळे आहे, हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

गोंदियात माझं गाड्यांच्या डेंटिंगचं दुकान आहे. पुतण्याच्या लग्नाआधी दवनीवाड्याहून मोठा भाऊ आपली जुनी गाडी घेऊन आला. तिला जाड नळीचा सायलेन्सर बसवून पाहिजे होता. "आमगाववाल्यांले दुरूनच समजलं पाहिजे, वरात आली म्हणून!"

त्यासाठी मागचा बंपर कापावा लागणार होता. असं काम मी कधी केलं नव्हतं, पण सख्ख्या भावाला नाही कसं म्हणायचं? कापताना ग्राइंडर घसरला आणि उजवीकडची कड वाकडीतिकडी झाली. दुसरा बंपर येईपर्यंत लग्न उरकलं असतं. मग मी नळीच चार बोटं बाहेर ओढून वेल्ड केली. चमकत्या नळीपुढं कड कोण पाहतो? भाऊ तर खूश. "वा रे पठ्ठ्या!"

आमगावात, नवरीच्या गावी, वरात मुंगीच्या पावलानं चालली. नवरदेवाला एसी पाहिजे म्हणून इंजिन सुरूच. आमच्या घरच्या बाया गाडीच्या मागून चालतात. गाडी थांबली, मागून गर्दीचा रेटा आला आणि वहिनी किंचाळली. तापलेल्या नळीनं साडीचं नायलॉन वितळून कातडीला चिकटलं होतं.

भाऊ धावत आला तो तिच्यावरच ओरडला, "काऊन एवढी चिपकून चालून राहिली होती? डोळे आहेत का बटनं?"

"माहीच चूक झाली जी," ती म्हणाली.

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तोंड उघडलं होतं, तेवढं आठवतं. मग मी पाणी आणायला पळालो.

बंपर नंतर बदलला, नळीही आत घेतली. पैसे घेतले नाहीत म्हणून भावानं पाठ थोपटली.

आता घरात कोणाचंही लग्न निघालं, की भाऊच सुरू करतो, "हिले आधी गाडीत बसवा रे, नाही तर सायलेन्सर शोधत जाईल!" सगळे हसतात. वहिनीही हसते आणि पाय साडीखाली ओढून घेते. दर वेळी वाटतं, आता बोलावं. तेवढ्यात कोणी चहा पुढं करतं, आणि मी कप धरून बसतो.

चूक तिची नव्हती, माझी होती, हे त्या हसणाऱ्या सगळ्यांसमोर, भावासमोर मला सांगायचं आहे. आणि तिची माफी मागायची आहे. दोन्ही अजून बाकी आहेत.