रिकामा हूक

२०१६ साल होतं आणि मी सदुसष्ट वर्षांचा होतो. इकडे हिंदी मुलखातल्या पोलादाच्या प्लँटमधून रिटायर होऊन सेक्टरमधलं कंपनीचं क्वार्टर सोडलं होतं, जवळच बोरसीत दोन मजली घर बांधलं होतं. वरच्या गॅलरीला मी एक दोरी आणि तिच्या टोकाला टोपली अडकवायला लोखंडी हूक लावला होता. गल्लीत भाजीवाली आली की गॅलरीतून टोपली खाली सोडायची, भाजी भरली की वर ओढायची. सुनेचे जिने वाचले, आणि नातीला खेळ मिळाला.

मी प्लँटमध्ये रिगर होतो. रिगर म्हणजे जड माल क्रेनला बांधायचा आणि वर केबिनमध्ये बसलेल्या क्रेनवाल्याला हातानं इशारा द्यायचा. खाली इतका आवाज असतो की तोंडानं बोलून उपयोग नाही. उचल, सोड, डावीकडे घे, सगळं हातावर. तिथला पहिला नियम असा की क्रेनवाल्यानं एकाच माणसाचा हात पाहायचा. दोन माणसं हात हलवायला लागली की काहीच करायचं नाही, जिथं आहे तिथं थांबायचं. कोण बरोबर, कोण चूक, हे वर बसून ठरवायचं नाही. मी होतो तोवर माझ्या मालाखाली माणूस सापडला नाही. हे मी कोणालाही तोंडावर सांगतो.

नात सहा वर्षांची होती. ती गॅलरीत क्रेनवाली, मी खाली गल्लीत रिगर. शेजारचे एक जण मुद्दाम मधेच हात हलवायचे, भाजीवालीही ओरडायची, "अरी उठा ना बिटिया." पोरगी दोरी दोन्ही हातांत घट्ट धरून, ओठ मिटून उभी राहायची. सगळे गप्प होऊन माझा एकट्याचा हात उरला की मगच टोपली हलायची. गल्लीतले हसायचे. मला हसू येत नसे. मोठमोठ्या क्रेनवाल्यांना जे लवकर जमत नाही ते तिला जमलं होतं.

फेब्रुवारीत सून शाळेच्या मीटिंगला जाऊन आली. कणीक मळता मळता, माझ्याकडे न पाहता म्हणाली की मॅडम पोरीला पुन्हा पहिलीतच बसवा म्हणून राहिली. लिहिते बरी, पण तोंडी काही येत नाही. विचारलं की नुसती सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत राहते. डोकं हळू चालतं, असं मॅडमचं म्हणणं. मुलगा रसमड्याच्या कारखान्यात, पाळी करून थकून आलेला. तो म्हणाला, बसू द्या, एक वर्षानं काय होते. मी म्हटलं, नाही. मी चौथीत शाळा सोडली होती, पण शाळेनं मला कधी बसवलं नव्हतं. आमच्या घरात कोणी बसलेलं नाही.

"मामाजी, तुम्ही जाऊन भांडू नका," सून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. मॅडम तरुण होती, माझ्या मुलापेक्षा लहान. मी सांगितलं की माझी नात मंद नाही, आणि तुम्ही कशी शिकवता ते मला पाहायचं आहे. ती म्हणाली, असं बसू देत नाहीत. मी मागच्या बाकावर बसलो. बाक इतका लहान की गुडघे छातीला टेकत होते. तिनं दोन-तीनदा सांगून पाहिलं, मग नाद सोडला आणि शिकवायला लागली.

शिकवणं वाईट नव्हतं. फळ्यावर आंबे काढले, काही पुसले, आणि वर्गाला विचारलं, किती राहिले. सगळी पोरं एकदम ओरडली. कोणी सात, कोणी आठ, एक जण तर वीस. एवढ्या गोंधळात माझी नात दोन्ही हात घट्ट धरून, ओठ मिटून बसली होती. गॅलरीत उभी राहते अगदी तशी. मॅडमनं तिच्याकडे बोट करून विचारलं, तरी आजूबाजूची पोरं ओरडतच होती, आणि ती या तोंडाकडून त्या तोंडाकडे पाहत होती. मॅडम पुढच्या पोराकडे वळली.

मला कळलं. मी सुट्टीची वाट पाहत बसलो.

डब्याच्या सुट्टीत पोरं बाहेर पळाली. मॅडमनं नातीला टेबलाजवळ बोलावलं. मला वाटतं, मला गप्प करायला बोलावलं असेल, की पाहा आपल्या डोळ्यांनी. तिनं तेच आंब्याचं गणित हळू आवाजात विचारलं. नातीनं सांगितलं, सात. मग पेन्सिली घेऊन विचारलं, तेही बरोबर. मग थोडं अवघड, की तुझ्याजवळ एवढ्या आहेत, माझ्याजवळ एवढ्या, तू मला काही दिल्यावर दोघींजवळ सारख्या झाल्या, तर किती दिल्या. नातीनं बोटांवर मोजलं आणि बरोबर उत्तर दिलं. मॅडमनं पेन्सिली खाली ठेवल्या. मग मलाच म्हणाली, "अकेले में मैंने इससे कभी पूछा ही नहीं, दादाजी." हे ती सरळ बोलली, ओशाळली नाही. ते मला आवडलं.

मग तिनं नातीला विचारलं, वर्गात का नाही बोललीस. नातीनं आधी माझ्याकडे पाहिलं.

"सब बोल रहे थे. एक से ज्यादा बोले तो रुकना है. नहीं तो माल गिरता है."

"कौन सा माल?"

तेव्हा मग मी सांगितलं. क्रेन, हात, गॅलरी, टोपली. मॅडम हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही, खुर्ची माझ्याकडे वळवून बसली. म्हणाली की जो मुलगा वीस म्हणाला तो पुसलेले आंबेही मोजतो, त्याला काढून टाकणं म्हणजे काय ते अजून समजलेलं नाही. जो आठ म्हणाला त्याला सगळं समजतं, तो फक्त मोजताना एक आंबा दोनदा मोजतो. दोघं चुकले म्हणून दोघांचं डोकं तिला दिसलं. गप्प राहणाऱ्याचं काही दिसत नाही.

"यहाँ किसी के ऊपर लोहा नहीं लटका है, दादाजी. यहाँ गलत बोलने से ही मेरा काम चलता है. आपने सिखाया है, आप ही इसको बोलिए कि यहाँ मत रुके."

मी म्हटलं, नाही बोलणार. तो नियम आहे, सवय नाही. आज इथं मोडायला सांगितला तर उद्या ती कुठंही मोडेल.

मॅडम म्हणाली, मग वरच्या वर्गातही ही अशीच गप्प बसेल, आणि तिथली मॅडम पोरं जास्त म्हणून एकटीला विचारणार नाही. कोणाला बसवायचं ते दोन दिवसांनी शाळेच्या मोठ्या मॅडमला सांगायचं आहे. तोवर वर्गात बोलली तर ठीक. नाही तर बसवावं लागेल.

घरी परत येताना नातीनं विचारलं, "आबाजी, मी चुकली का?"

"नाही."

"मंग मॅडम चुकली?"

"तेही नाही."

"मंग कोन चुकलं?"

मी म्हटलं, पाय उचल, ऊन होऊन राहिलं.

संध्याकाळी मी अंगणात खुर्ची टाकून बसलो. सून चहा देऊन गेली. भाजीवाली येऊन गेली होती, टोपली वर ठेवली होती, आणि दोरीचा हूक रिकामाच खाली लटकत होता. वाऱ्यानं हलत होता. तो पाहता पाहता मला पाळीच्या सुरुवातीची आठवण झाली. माल बांधायच्या आधी क्रेनवाला हूक रिकामाच चालवून पाहायचा. वर, खाली, इकडून तिकडे, ब्रेक धरतो की नाही, दोरी नीट गुंडाळली जाते की नाही. तेव्हा त्याला कोणाच्या हाताची गरज नसायची. आम्ही खाली बिडी पीत उभे असायचो. हूक कुठंतरी धडकला तर धडकला. क्रेनमध्ये काय बिघडलं आहे ते तेव्हाच कळायचं. हाही नियमच होता, माझा बनवलेला नाही, आणि हा मी पोरीला शिकवलाच नव्हता, कारण रिकाम्या हुकात तिला मजा वाटली नसती.

नात पुढं दुसरीत गेली, बसली नाही. ते नंतरचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेच्या आधी, मी तिला गॅलरीत उभं केलं आणि टोपली काढून बाजूला ठेवली. सुनेला हाक मारून खाली गल्लीत आणलं. म्हटलं, तू उचल दाखव, मी सोड दाखवतो, एकदमच. सून म्हणाली, मामाजी, पोळ्या तव्यावर आहेत. तरी तिनं हात वर केला. नात थांबली, ओठ मिटले. मी ओरडून सांगितलं, "हूक रिकामा आहे. रिकाम्या हुकाले कोनाचा हात पाहा लागत नाही. शाळेत हूक रिकामाच असते. चालव तुले वाटते तसा." तिनं एकदा माझ्या हाताकडे पाहिलं, एकदा आईच्या, आणि दोरी सोडून दिली. हूक येऊन माझ्या सायकलच्या मडगार्डवर आदळला. मग तिनं तो वर ओढला आणि पुन्हा सोडला.

पोळी करपल्याचा वास आला तशी सून आत धावली. मी मडगार्ड हातानं सरळ केलं, नातीला मागे बसवलं आणि शाळेच्या गेटपाशी सोडून परत फिरलो.