चिंचेनं घासलेल्या शिवराया

चाचा कुलूप लावत नसत, कुलपाशी भांडत असत. तीन हिसडे देत, दाराला खांदा लावून बघत, चौकापर्यंत जात आणि हटकून परत येऊन चौथा हिसडा देत. जुन्नरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या संग्रहालयाचे ते राखणदार. आत जुनी नाणी आणि आंबेगावातल्या कुणाकुणाच्या आजोबांनी लढाईत मिळवलेली पदकं. "वस्तू दुसऱ्याची, तर झोपबी दुसऱ्याची," असं म्हणायचे. माणूस काळजीवरच जगला म्हणा ना!

मी वारूळवाडीची. नारायणगावात कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, म्हणून संग्रहालय चालवणाऱ्या संस्थेनं सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं. प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढायचे, वजन-माप टिपायचं आणि कॉम्प्युटरवर नोंद करायची. चाचांचा त्या यंत्रावर काडीचा विश्वास नव्हता. लोडशेडिंगनं पडदा काळा झाला की दचकून विचारत, "पोरी, आतलं नाणं कुठं गेलं?"

"चाचा, नाणं तुमच्याच हातात आहे!"

तरी मूठ उघडून बघत.

त्यांच्या शिस्तीनं मी वैतागायची. हात साबणानं धुवायचे, पुसायचे, मग नाणं कडेनं धरायचं. एक परत ट्रेमध्ये गेल्याशिवाय दुसरं बाहेर येणार नाही. "घाम लई वाईट. तांबं खातो." निरगुडसरच्या एक आजी वडिलांचं पदक बघायला आल्या, तेव्हा मात्र चाचांनी ते सरळ त्यांच्या ओंजळीत ठेवलं. मी डोळे वटारले. "त्यांचा घाम चालतो," म्हणाले.

मग पुण्याहून साहेब तपासणीला येणार असं कळलं. चार दिवस उरले होते. माझी मुदत वाढणार की मी घरी बसणार, ते त्यांच्या हातात. आणि मी काढलेले शिवराई नाण्यांचे फोटो नुसते काळे! शिवकाळातली तांब्याची नाणी ती, अक्षर म्हणून उमटेना. तो शुक्रवार होता. चाचा नमाजला जाताना नाण्यांचं कपाट बंद करून जात. त्या दिवशी माझी कुरकुर ऐकून त्यांनी पहिल्यांदाच चावी माझ्या हातावर ठेवली.

आमच्या घरी सणावाराला तांब्याची कळशी चिंच-मिठानंच घासतात. संग्रहालयाच्या अंगणात चिंचेचं झाड, माझ्या डब्यात मीठ. झालं! नऊ शिवराया घासल्या. काय लखलखल्या म्हणून सांगू! शाबासकी मिळणार म्हणून मी त्या ओळीनं मांडून ठेवल्या.

चाचांनी येऊन एक नाणं कडेनं उचललं, उजेडात धरलं. "काय केलंस गं हे?"

त्यांचे वडील कल्हईवाले. "माझ्या बापानं जन्मभर घासून चकाकवलं," ते म्हणाले. "मला हितं घेतलं तवा पयलं काय सांगितलं ठावं हाय? घासायचं न्हाई. ते काळं म्हंजे मळ नव्हता, पोरी. एवढ्या वर्सांत तांब्यावर धरलेला थर व्हता. त्यानंच तर ते टिकलं."

"आधीचे फोटो तर नुसते काळे. कुणाला कळणार?" मी पुटपुटले.

"उद्या कुणी अभ्यासाला येईल, त्यो फसंल. त्याला वाटंल अशीच सापडली. शेऱ्यात लिही." मी लिहिलं: चिंच-मिठानं घासले, मूळ थर गेला. पुढे कुणी, ते लिहायचं होतं. माझी बोटं हलेनात.

"माझं नाव टाक. चावी माझी, तर चूकबी माझी."

"नको, चाचा," मी म्हणाले. एकदाच म्हणाले. नऊ वेळा त्यांचं नाव मुकाट टाइप केलं.

चार दिवसांनी साहेब आले. त्यांनी शेरा वाचला, आणि संस्थेच्या सचिवांनी सगळ्यांदेखत चाचांना झापलं, "म्हातारपणी अक्कल गहाण टाकली का?" चावी तिथल्या तिथं काढून घेतली. मी पडद्याकडे बघत बसले. माझी मुदत वाढली. निवृत्तीला चार महिने उरले होते, ते चाचांनी दाराबाहेर स्टुलावर काढले. जाताना ना हार, ना नारळ.

पुढे त्यांच्या घरी जायची तेव्हा दरवेळी म्हणायची, खरं सांगून टाकते. "लागली न्हवं कायम? मग गप ऱ्हा," म्हणून चहा पुढं करायचे. आणि मी मेली, गप राहायची. मग ते गेलेच.

यंदा सगळा संग्रह इंटरनेटवर चढला. चाचांच्या मुलीचा फोन आला. "ताई, अब्बांनी इतकी वर्सं राखलं. त्यांचं नाव असंल ना त्यात? पोरांना दावायचंय."

मी नाव शोधायला टाकलं. नऊ नोंदी आल्या. नऊच. बाकी अख्ख्या संग्रहात त्यांचं नाव कुठंही नव्हतं.

"चार दिवसांनी सांगते गं," एवढंच कसंबसं म्हणाले. मग सचिवांना जाऊन खरं सांगितलं, बोलणी खाल्ली आणि नऊ ठिकाणी माझं नाव घातलं. पुन्हा चाचांचं नाव शोधलं. एकही नोंद सापडली नाही, असं उत्तर आलं. तेव्हा मात्र मला रडू आवरेना.

मग पहिल्या नोंदीपासून सुरुवात केली. 'राखणदार' असा नवा रकाना पाडला आणि प्रत्येक ठिकाणी चाचांचं नाव लिहीत गेले. पदकं झाली, चांदीची नाणी झाली. त्या नऊ शिवरायांपाशी आले, तेव्हा माझ्या नावाच्या वर त्यांचं नाव आलं.